शहरातले पोळी-भाजी केंद्र कसे चालवावे आणि कसे वाढवावे

पुण्यात सदाशिव पेठेपासून कोथरूडपर्यंत, त्याचप्रमाणे ठाणे, डोंबिवली, नाशिक अशा शहरांतून पोळी-भाजी केंद्र ही आता रोजच्या गरजेची गोष्ट झाली आहे. नोकरी करणारी जोडपी, मुले परगावी किंवा परदेशी गेल्यामुळे घरात दोघेच उरलेले आजी-आजोबा, स्पर्धा परीक्षांसाठी खोली घेऊन राहणारे विद्यार्थी या सर्वांना हॉटेलचे जेवण रोज सोसत नाही. त्यांना मऊ पोळी, बेताचे तेल-तिखट असलेली भाजी आणि पुन्हा उद्याही तीच चव हवी असते. अशा गिऱ्हाइकाच्या बळावर हा धंदा थोड्या भांडवलात सुरू होतो आणि बहुधा याच कारणाने बंदही लवकर पडतो. स्वयंपाक उत्तम येतो म्हणून केंद्र काढले, पण एका पोळीला किती खर्च येतो हे वर्षभर कागदावर मांडलेच नाही, असे अनेकांच्या बाबतीत घडते. चवीमुळे बुडालेली केंद्रे मी फारशी पाहिलेली नाहीत. हिशेब न ठेवल्याने किंवा घाईने पदार्थ आणि शाखा वाढवल्याने दमलेली मात्र पुष्कळ आहेत. म्हणून पुढील मार्गदर्शनात पाककृतींपेक्षा नग, वेळ आणि ठरलेले गिऱ्हाईक यांवर भर दिला आहे.

जागा निवडताना

पोळी घ्यायला कोणी मुद्दाम दूर जात नाही. ती घरी परतताना, दूध किंवा कोथिंबीर घेता घेता घेतली जाते. त्यामुळे दहा मिनिटे चालण्याच्या अंतरात किती स्वयंपाकघरे आहेत आणि संध्याकाळी माणसे रस्त्याच्या कोणत्या बाजूने घरी परततात, हे दोन प्रश्न जागेच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचे आहेत. मुख्य रस्त्यावरचा महागडा गाळा घेण्यापेक्षा डेअरी, किराणा दुकान किंवा भाजीवाल्याच्या शेजारचा, गल्लीच्या तोंडाशी असलेला आणि दुचाकी मिनिटभर उभी करता येईल असा लहान गाळा बहुधा अधिक चालतो. जागा पसंत पडली तरी अनामत रक्कम देण्याआधी तेथे आठवड्यातील एका कामाच्या दिवशी आणि एका रविवारी, दुपारी अकरा ते दीड आणि संध्याकाळी साडेसहा ते नऊ या वेळांत प्रत्यक्ष उभे राहून वर्दळ पाहावी. जवळ आधीच एखादे केंद्र असेल तर घाबरून जाण्याचे कारण नाही. त्याच्याकडे कोणती वस्तू किती वाजता संपते, एवढे पाहिले तरी त्या भागाची भूक कळते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे, त्यामुळे तोंडी बोलण्यावर गाळा घेऊ नये. निवासी घरांसाठी रूढ असलेली अकरा महिन्यांची मुदत या धंद्याला पुरत नाही, कारण ओटा, धुराडे आणि पाण्याची सोय यांवर केलेला खर्च तेवढ्या काळात वसूल होत नाही. निदान तीन वर्षांचा करार आणि दरवर्षीची भाडेवाढ आधीच ठरवून घ्यावी. धुराड्याची नळी कोठून बाहेर काढायची आहे हे सोसायटीला दाखवून तिची लेखी संमती घ्यावी. फोडणीच्या वासावरून आणि धुरावरून सुरू झालेली भांडणे मिटता मिटत नाहीत. घरच्या ओट्यावरून सुरुवात करणाऱ्यांनीही ही संमती घ्यावी, मात्र घरून काम करताना समोर येणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा आदल्या दिवशी घेतलेल्या मागणीवरच भिस्त ठेवावी.

एका पोळीचा हिशेब

येथे घेतलेले भाव केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून धरले आहेत. आपल्या भागातील चालू भाव घालून हाच हिशेब दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मांडावा.

गहू आणि दळण मिळून किलोला ४८ रुपये पडतात असे धरू. एक किलो कणीक भिजवली की पाणी धरून साधारण सोळाशे ग्रॅम गोळा होतो आणि पंचेचाळीस ग्रॅमची एक लाटी घेतली तर त्यात पस्तीस पोळ्या होतात. म्हणजे पोळीमागे कणकेचे सुमारे १ रुपया ४० पैसे झाले. घडीच्या पोळीला आत आणि वर मिळून लागणारे तेल ४५ पैसे, गॅस ४० पैसे, कागद किंवा पिशवीचे ३० पैसे आणि लाटून भाजून देणाऱ्या मावशींची मजुरी नगामागे २ रुपये धरली, तर पोळी ४ रुपये ५५ पैशांना पडते. ती १० रुपयांना विकली की नगामागे ५ रुपये ४५ पैसे उरतात, आणि बहुतेक जण येथेच खूश होऊन हिशेब थांबवतात.

आता महिन्याचा ठरलेला खर्च मांडू. भाडे २५ हजार, वीज-पाणी-फोन ४ हजार आणि गल्ल्यावर किंवा चिराचिरीला असलेल्या मदतनिसाचा पगार १४ हजार, असे ४३ हजार रुपये होतात. महिन्याचे २६ दिवस केंद्र चालू राहते असे मानले, तर हा खर्च भागवण्यासाठी रोज सुमारे ३०० पोळ्या खपल्या पाहिजेत. पण मालक किंवा मालकीणबाई स्वतः सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत राबतात, त्यांच्या कामाचे २५ हजार या यादीत धरले की ठरलेला खर्च ६८ हजारांवर जातो आणि रोजचा आकडा ४८० पोळ्यांवर पोहोचतो. तीनशे आणि चारशे ऐंशी यांच्यामध्ये ज्यांचा खप अडकलेला असतो, ते ‘तोटा तर होत नाही’ असे म्हणत वर्षानुवर्षे फुकट काम करत असतात. स्वतःचा पगार हा खर्च आहे, तो नफा नव्हे. दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला तो धंद्याच्या खात्यातून स्वतःच्या खात्यात वळवावा, आणि तेवढी रक्कम खात्यात नसेल तर ती गोष्ट त्याच दिवशी डोळ्यांसमोर येते.

हाच हिशेब भाव ठरवतानाही कामी येतो. समोरच्याशी स्पर्धा म्हणून पोळी ९ रुपयांना दिली, तर नगामागे ४ रुपये ४५ पैसेच उरतात आणि तोच खर्च भागवायला रोज ५८८ पोळ्या लागतात, म्हणजे एका रुपयापायी १०८ पोळ्या जास्त लाटाव्या लागतात. उलट ११ रुपये केल्यास साधारण ४०६ पोळ्यांत काम भागते, त्यामुळे थोडे गिऱ्हाईक तुटले तरी चालते. भाव वाढवायचा असल्यास वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात आणि आठवडाभर आधी पाटी लावून एक रुपयाने वाढवावा. तीन वर्षे गप्प राहून एकदम तीन रुपये वाढवले की जुनी गिऱ्हाइकेही नाराज होतात. सुट्ट्या पैशांच्या अडचणीमुळे पूर्वी अकरा रुपये हा भाव ठेवताच येत नसे. यूपीआयने ती कटकट तरी संपवली.

भाजी आणि उरलेली भाजी

पोळी मागणीप्रमाणे लाटता येते, भाजी मात्र आधी शिजवावी लागते. साहजिकच तोटा होतो तो भाजीतच. पाव किलोचे एक माप ४० रुपयांना विकायचे असेल आणि चाळीस मापांची भाजी करायला सर्व मिळून १,००० रुपये लागत असतील, तर सगळी खपल्यावर ६०० रुपये उरतात. त्यातील सहाच मापे उरली की २४० रुपये गेले आणि सहाशेचे तीनशे साठ झाले. बाहेरून पाहणाऱ्याला पातेल्याच्या तळाशी थोडी भाजी दिसते, पण त्या दिवसाच्या मिळकतीचे पाच भाग केले तर दोन त्या पातेल्यात राहिलेले असतात.

यावरचा उपाय म्हणजे एक साधी वही. रोज प्रत्येक भाजीसमोर किती मापे केली, किती उरली आणि संपली असेल तर किती वाजता संपली, या तीन गोष्टी लिहाव्यात. पावणेएकलाच संपलेली भाजी आणि अडीच वाजता बरोबर संपलेली भाजी या दोन्हींपुढे ‘शिल्लक शून्य’ असेच लिहिले जाते, पण पहिलीत गिऱ्हाईक रिकाम्या हाती परत गेलेले असते. म्हणून वेळ लिहिणे आवश्यक आहे. महिन्याभरात या वहीतून दिसू लागते की सोमवारी उसळ जास्त जाते, गुरुवारी आणि संकष्टीला साबुदाण्याची खिचडी मागितली जाते, शनिवारी दुपारी खप पडतो आणि रविवारी संध्याकाळी तो अचानक वाढतो. त्यानुसार भाजी दोन खेपांत करावी. पहिली खेप अकराला तयार असावी आणि दुसरीची चिराचिरी करून ठेवून, साडेबाराची विक्री पाहूनच ती फोडणीला टाकावी. रोजच्या फळ्यावर एक सुकी भाजी, एक रस्सा किंवा उसळ, आमटी-भात आणि एक कोशिंबीर यापेक्षा जास्त काही नसावे. पाचवा पदार्थ फळ्यावर शोभतो आणि उरणाऱ्या पातेल्यांत भर घालतो.

भाजी वाढताना डाव अंदाजाने भरण्याची सवय सोडवणे मालकाला सर्वांत जड जाते. काउंटरवर वजनकाटा ठेवावा आणि डबा काट्यावर ठेवूनच भाजी भरावी. नेहमीच्या काकूंना ‘घ्या, थोडी जास्त’ म्हणत घातलेला अर्धा डाव पन्नास ग्रॅमचा असतो, आणि चाळीस मापांत प्रत्येकी पन्नास ग्रॅम गेले की दोन किलो म्हणजे आठ मापे गेली. जास्त द्यायचेच असेल तर लिंबाची फोड, चमचाभर ठेचा किंवा कढीपत्त्याची चटणी द्यावी. त्याचे मोल गिऱ्हाईक लक्षात ठेवते आणि आपल्याला ते परवडते. खरेदीतही वजन दोनदा करावे, एकदा आणल्यावर आणि एकदा निवडून झाल्यावर. फ्लॉवर, मेथी आणि गवार यांची निवडल्यानंतर उरलेली खरी किंमत कळली की स्वस्त वाटणारी भाजी पुष्कळदा महाग निघते. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून बटाटे, कांदे, कडधान्ये यांची आठवड्याची खरेदी करून पालेभाज्या जवळच्या मंडईतून रोज घेणे हे लहान केंद्राला सोयीचे ठरते.

वर्षाचे चक्रही आधीच वहीत मांडून ठेवावे. श्रावणात आणि चातुर्मासात बिनकांदा-लसणाची भाजी मागणारे लोक असतात. मे महिन्यात विद्यार्थी आणि कुटुंबे गावाला जातात, तेव्हा खप बराच पडतो. ते आठवडे रंगरंगोटी आणि मावश्यांच्या सुट्ट्यांसाठी वापरावेत. गणपतीतील उकडीचे मोदक, होळीची पुरणपोळी आणि दिवाळीचा फराळ यांची मागणी आगाऊ पैसे घेऊन, शेवटची तारीख जाहीर करूनच स्वीकारावी आणि तारीख उलटल्यावर कोणी कितीही आग्रह केला तरी नवीन मागणी घेऊ नये, कारण उशिरा घेतलेल्या दहा मोदकांमुळे आधी ठरलेले दोनशे मोदक रखडतात.

कागदपत्रे

अन्नसुरक्षा नोंदणीशिवाय एकही डबा विकू नये. अन्नसुरक्षा आणि मानके कायदा, २००६ खालील २०११च्या नियमावलीने वार्षिक १२ लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीसाठी साधी नोंदणी आणि त्यापुढे राज्य परवाना अशी विभागणी केली. वर मांडलेल्या हिशेबातील ४८० पोळ्या रोज खपल्या, तर केवळ पोळ्यांचीच वर्षाची विक्री सुमारे १५ लाखांवर जाते, हे ध्यानात घेऊन योग्य तोच अर्ज करावा. या मर्यादा आणि शुल्के अधूनमधून बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर चालू नियम वाचावा. अर्ज तेथेच करता येतो, त्यासाठी दलालाची गरज पडत नाही.

जीएसटीच्या दृष्टीने तयार जेवण विकणे ही सेवा मानली जाते, त्यामुळे महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा २० लाखांची धरावी. वस्तू विकणाऱ्या दुकानदाराची ४० लाखांची मर्यादा आपल्याला लागू आहे अशा समजात राहू नये. उपाहारगृहांसाठी दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीवर ५ टक्क्यांची कंपोझिशन योजना, म्हणजे एकूण उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची सोपी पद्धत, आहे, पण ती घेतल्यास गिऱ्हाइकाकडून कर वेगळा आकारता येत नाही, म्हणजे तो आपल्या भावातूनच द्यावा लागतो. वीस लाखांची रेषा ओलांडण्याच्या आधीच्या वर्षी भाव ठरवताना हे पाच टक्के डोक्यात असावेत.

दुकाने आणि आस्थापना यांच्यासंबंधीच्या २०१७च्या राज्य कायद्यानुसार कामगारांची संख्या ठरलेल्या मर्यादेखाली असलेल्या लहान आस्थापनेला केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते. पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असावी आणि दुसऱ्या भाषेतील अक्षरे मराठीपेक्षा मोठी नसावीत, हा नियम २०२२च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही लागू आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारकडे होणारी लघुउद्योगाची नोंदणी, विनामूल्य आहे. कोणी तिचे पैसे मागितले तर तो सरकारी संकेतस्थळावरचा माणूस नव्हे, हे ओळखावे. व्यवसाय कराची नोंदणी विसरू नये. मात्र एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिला कर्मचाऱ्यांना तो कर नाही. महापालिकेचा आरोग्य विभागाचा परवाना आपल्या कामाला लागतो का, हे क्षेत्रीय कार्यालयात विचारून घ्यावे. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्यासाठी वापरणे बेकायदा आहे. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर किंवा पाइपचा गॅस घ्यावा. पोळ्या वर्तमानपत्रात बांधून देण्याची जुनी सवयही मोडावी, कारण छापील कागदात अन्न गुंडाळण्यास नियमांनी मनाई आहे, आणि महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी असल्यामुळे डबा घेऊन येणाऱ्यास एखाद्या रुपयाची सवलत देणे केव्हाही चांगले.

मावश्या

या धंद्याचे खरे भांडवल कामावर येणाऱ्या मावश्या आहेत. एक सराईत हात तासाला साठ-सत्तर पोळ्या लाटून भाजतो, म्हणजे एका मावशींनी न सांगता दांडी मारली की तीन तासांत दोनशे पोळ्यांची तूट पडते, आणि दाराशी आलेल्या गिऱ्हाइकाला ‘आज पोळ्या नाहीत’ हे वाक्य ऐकावे लागते. नगावर मजुरी दिल्यास काम झपाट्याने होते, पण मंदीच्या दिवसांत त्यांची कमाई घटते आणि त्या दुसरीकडे जातात. त्यामुळे ठरावीक पोळ्यांपर्यंत पक्का रोज आणि त्यापुढे नगामागे जादा पैसे ही मिश्र पद्धत मला सर्वांत न्याय्य वाटते. भरपगारी सुट्टी आठवड्यातून एक दिवस द्यावी, दिवाळीचा बोनस आधी ठरवून द्यावा आणि उचल दिली तर ती त्यांच्यासमोर वहीत लिहून हप्त्याने कापावी.

पोळीचा सारखेपणा हाताच्या कसबाइतकाच परातीपाशी ठरतो. कणीक एकाच व्यक्तीने, वजन केलेल्या पाण्याने भिजवावी, निदान वीस मिनिटे झाकून ठेवावी आणि मग तेलाचा हात लावून पुन्हा तिंबावी. नवीन गव्हाचे पोते फोडले की पाणी बदलते, म्हणून पहिल्या दिवशी एका किलोचा गोळा करून पाहावा. लोकवन आणि सिहोर या गव्हांच्या पोळीत फरक असतो. कोणताही वापरा, पण महिन्यातून दोनदा बदलू नका. भाजलेल्या पोळ्या लगेच रचल्या तर वाफेने खालच्या ओल्या होतात, म्हणून त्या सुती कापडावर क्षणभर पसरून मगच डब्यात ठेवाव्यात. ओट्याची उंची, डोक्यावरचा पंखा आणि धूर खेचणारा एक्झॉस्ट यांवर केलेला खर्च पगाराइतकाच महत्त्वाचा आहे, कारण तव्यासमोर चार तास उभे राहणारी व्यक्ती सोय पाहूनच टिकते. रोजच्या पोळ्या तीनशेवर गेल्या की कणीक मळण्याचे यंत्र घ्यावे. त्याने मनगटे वाचतात आणि चवीत काही बिघडत नाही. लाटण्याच्या यंत्राबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे: मोठ्या मेसला ते उपयोगी असेल, परंतु पेठेतले गिऱ्हाईक हाताची घडीची पोळी मिळते म्हणूनच आपल्याकडे येत असते. कामगार दहा झाले की राज्य कामगार विमा (ईएसआय) लागू होतो, याची तरतूद नववी व्यक्ती घेतानाच करावी.

गल्ला, उधारी आणि कर्ज

धंद्याचे बँक खाते आणि क्यूआर कोड स्वतंत्र असावा. रात्री कुलूप लावण्याआधी रोख, यूपीआय आणि उधारी यांची बेरीज करून ती खपलेल्या पोळ्यांशी व मापांशी ताडून पाहावी; कणीक किती भिजवली हे माहीत असल्यामुळे पोळ्यांचा आकडा लपत नाही. गल्ल्यातून घरखर्चाला काढलेली नोट लिहिली नाही, तर महिनाअखेर तूट कोठे पडली हे कोणालाच सांगता येत नाही. उधारी देऊच नये. नेहमीच्या घरांसाठी त्याऐवजी आगाऊ पैसे भरण्याची सोय ठेवावी.

मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका गिरणी कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालत आणि स्वतः किराणा दुकानदाराच्या व सावकाराच्या कर्जात अडकत. या बायकांना संघटित करून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. कष्ट आणि चव असूनही खेळते भांडवल दुसऱ्याच्या हातात असेल तर काय होते, हे या धंद्याला तेव्हापासून ठाऊक आहे. आज मुद्रा योजनेत शिशू गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात शहरातील महिला उद्योजकांना प्रकल्पाच्या २५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, पण ते रोख हातात पडत नाही. तीन वर्षे ठेवीत राहते आणि मग कर्जात वळते होते, त्यामुळे ते आज खर्च करायला मिळेल असे गृहीत धरू नये. कर्ज कणीक मळण्याचे यंत्र, फ्रीज, गॅसची जोडणी अशा वस्तूंसाठी घ्यावे, आणि घेण्याआधी त्याचा हप्ता किती पोळ्यांत निघतो हे काढावे. पाच हजारांचा हप्ता म्हणजे आपल्या हिशेबात दिवसाला ३५ पोळ्या जास्त. त्या खपतील अशी खात्री वहीतून होत असेल तरच सही करावी.

वाढ

वाढीची पहिली पायरी म्हणजे त्याच जागेत संध्याकाळची वेळ सुरू करणे. भाडे दोन्ही वेळांना तेच असते, म्हणून संध्याकाळी जास्तीच्या २०० पोळ्या गेल्या तर १,०९० रुपये उरतात, त्यातून मदतनिसाचे ३०० रुपये वजा केले तरी महिन्याला साडेवीस हजारांची भर पडते. एवढी रक्कम मिळवण्यासाठी दुसऱ्या शाखेला आधी स्वतःचे भाडे फेडावे लागेल.

दुसरी पायरी ठरलेल्या मागणीची. परिसरातील घरांना महिन्याच्या पोळ्यांचे कार्ड द्यावे. आगाऊ शंभर पोळ्यांचे पैसे भरणाऱ्यास पाच पोळ्या जास्त मिळतील, सुट्टीच्या दिवशी न घेतलेल्या पोळ्या पुढे सरकतील आणि उद्या नको असल्यास आदल्या रात्री नऊपर्यंत कळवावे, एवढे तीन नियम त्यावर छापावेत. रोजच्या खपापैकी निम्म्या पोळ्या अशा कार्डावर गेल्या की सकाळी परातीत किती कणीक घ्यायची, हा प्रश्न जवळजवळ सुटतो. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना एक किलोमीटरच्या आत डबा घरपोच द्यावा, तोही रोज एकाच मुलाच्या हातून. त्यांना जेवणाइतकाच ओळखीच्या माणसाचा भरवसा वाटतो आणि त्यांची मुले दूरवरून महिन्याचे पैसे वेळेवर पाठवतात. बँका, दवाखाने, लहान कार्यालये यांच्याकडून दुपारची मागणी अकरापर्यंत घ्यावी.

रोजच्या भाज्या सकाळी आठ वाजता व्हॉट्सअॅपवरून कळवाव्यात. ज्यांनी आपला क्रमांक फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच ब्रॉडकास्ट यादीतील संदेश पोहोचतो, म्हणून काउंटरवर तशी विनंती लिहावी. गूगल मॅपवर केंद्राचे नाव, वेळ आणि साप्ताहिक सुट्टी अचूक नोंदवावी. बंद दाराशी येऊन परतलेले नवे गिऱ्हाईक सहसा पुन्हा येत नाही. झोमॅटो किंवा स्विगीवर जाण्याआधी कागदावर एक हिशेब करावा. ९० रुपयांच्या पोळी-भाजीवर २५ टक्के कमिशन आणि त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी धरला, तर हातात ६३ रुपये ४५ पैसे येतात. या रकमेत वेष्टन सोसून काही उरत असेल तर जावे, अन्यथा तेथे पोळी-भाजी न विकता पुरणपोळी, थालीपीठ, मोदक असे जास्त किमतीचे पदार्थच ठेवावेत.

दुसरी शाखा सर्वांत शेवटी काढावी. भाजी एकाच ठिकाणी शिजवून दुचाकीने दुसरीकडे नेता येते, पोळी मात्र नेता येत नाही; डब्यात तासभर प्रवास केलेली पोळी आणि तव्यावरून उतरलेली पोळी यांतला फरक गिऱ्हाइकाला पहिल्या घासाला कळतो. तेव्हा नव्या जागी तवा, परात आणि दोन तयार मावश्या असल्याच पाहिजेत, आणि दोन जागांमधले अंतर ऐन साडेबाराच्या रहदारीत वीस मिनिटांपेक्षा जास्त नसावे. नव्या गाळ्याची अनामत भरण्याआधी मालकाने आपल्या चालू केंद्रापासून सलग पंधरा दिवस दूर राहून पाहावे, फोनसुद्धा दिवसातून एकदाच, रात्री आकडे विचारण्यासाठी करावा. त्या पंधरा दिवसांत पोळ्यांचा खप, उरलेल्या मापांची संख्या आणि गल्ल्याचा ताळा नेहमीसारखा राहिला तर करार करावा. बिघडला तर जी वही, जे वजन किंवा जी व्यक्ती कमी पडली ती आधी नीट करून दोन-तीन महिन्यांनी तीच परीक्षा पुन्हा घ्यावी.